धरणेंद्रचं सुदान

धरणेंद्र अण्णाप्पा मगदूम याच्याकडे विमान चालवण्याचं लायसन्स होतं, आणि तो मिरज रस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करत होता. यात ज्याला काही वावगं वाटत नसेल त्यानं पुढं वाचायची तसदी घेऊ नये. आणि लायसन्स म्हणजे हौसेचं नव्हे. पगार घेऊन विमान चालवता येईल असं, इंग्लंडातून रीतसर परीक्षा देऊन मिळवलेलं व्यावसायिक लायसन्स. सांगली-मिरजेच्या पट्ट्यात तेव्हा असा दुसरा माणूस कुणाच्या ऐकण्यात नव्हता.

त्याचं गाव सांगलीपासून दोन कोसांवर, कृष्णेच्या काठी. निम्मं गाव जैन शेतकऱ्यांचं. वडील अण्णाप्पा हळदीचा व्यापार करायचे. पोरगा यंत्रात रमतो हे पाहून त्यांनी त्याला सत्तावन्न साली मोटार इंजिनिअरिंग शिकायला इंग्लंडला धाडलं. पासपोर्टासाठी तेव्हा जामीन लागायचा. पोरगा परदेशात अडकला तर त्याला परत आणायची हमी गावातल्या एखाद्या वजनदार माणसानं लिहून द्यायची. ती सही अण्णाप्पांच्या चुलतभावानं, आप्पासाहेबांनी केली होती. सही करताना त्यांनी चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नव्हता, इतकी ती साधी गोष्ट होती.

इंग्लंडात धरणेंद्र राहायचा तिथून जवळ एक लहानसं विमानतळ होतं. व्हिटलॉक नावाचा माणूस तिथं पोरांना विमान शिकवायचा. त्याच्याकडे जुनी विमानं होती आणि मेकॅनिक टिकत नव्हते. धरणेंद्र सुटीच्या दिवशी जाऊन इंजिनं खोलू लागला, आणि मजुरीच्या बदल्यात व्हिटलॉक त्याला विमानात बसवू लागला. थंडीत बोटं फुटेपर्यंत काम करून त्यानं एकेक तास मिळवला, परीक्षा दिल्या आणि एकसष्ट साली लायसन्स हातात घेतलं. त्याच आठवड्यात वडील गेल्याची तार आली. आई एकटी पडली होती. तो परत आला.

आई चंदनबाला. दुखवटा सरल्यावर तिनं पहिली गोष्ट विचारली ती ही.

"खरंच चालिवतोस व्हय रं इमान?"

"चालिवतो."

"मग आता कवा चालिवनार?"

"बघू. दोन-तीन म्हयन्यांत लागंल काम."

दुसऱ्या दिवशी ती बस्तीत गेली. तिकडे जैन मंदिराला बस्तीच म्हणतात. देवापुढं उभं राहून तिनं नियम घेतला, पोरगं विमानाच्या नोकरीवर चढेपर्यंत गोड खायचं नाही. जैनांच्या घरात नियम ही रोजच्यातली बाब. कुणी मीठ सोडतं, कुणी हिरवी भाजी, कुणी तूप. घेताना कुणी गाजावाजा करत नाही, पण एकदा घेतला की मोडत नाहीत. चंदनबालेचा जीव गुळाच्या पोळीवर. आणि गाव कसलं, तर हिवाळाभर गुऱ्हाळं धडाडणारं, जिथं पाहुण्याला पाण्याच्या आधी गुळाचा खडा देतात. अशा गावात बाईनं गोड सोडलं. दोन-तीन महिने म्हणजे काय मोठंसं, असं तिला वाटलं होतं.

देशातल्या देशात आधी हात-पाय मारून झाले. त्याला सांगण्यात आलं की परदेशी लायसन्स इथं चालत नाही, सगळ्या परीक्षा पुन्हा द्या. तो द्यायला तयार झाला. मग सांगण्यात आलं, परीक्षेआधी इथल्या क्लबात विमान चालवून दाखवा. क्लबात जागा नव्हती. जागा झाली तेव्हा चीनची लढाई लागली आणि पेट्रोल आखडलं. लढाई थांबली तेव्हा त्याच्या पुढं इथंच शिकलेल्या पोरांची ही भली मोठी रांग उभी होती. पाण्यात पोहणाऱ्याला काठावर बसवून 'पुन्हा शिक' म्हणणारा हा कारभार! पण यात निदान कुणी त्याच्यावर डूख धरून वागत नव्हतं. सगळ्यांशीच तसं वागत होते.

राहिला परदेश. जिथं इंग्रजी लायसन्स चालतं अशा मुलखातल्या कंपन्यांना त्यानं अर्ज टाकायला सुरुवात केली. आफ्रिका झाली, आखात झालं, मलाया झाला. एकानं कळवलं, उड्डाणाचे तास कमी पडतात. दुसऱ्यानं कळवलं, तास पुरेसे आहेत, पण ढगात नुसत्या यंत्रांवर विमान चालवायची परीक्षा दिलेली नाही. तिसऱ्यानं सगळं पसंत केलं आणि फोटो मागवला. धरणेंद्रनं मिरजेला जाऊन टाय बांधून फोटो काढला, पाठवला. त्यानंतर त्या कंपनीकडून एक ओळ आली नाही. आता सावळ्या माणसाच्या हातात विमान वर जात नाही की काय, हे त्या कंपनीलाच ठाऊक!

तोवर पोटासाठी त्यानं ते पत्र्याचं शेड थाटलं होतं. लायसन्स जिवंत ठेवायला ठरावीक मुदतीत डॉक्टरी तपासणी लागते, थोडंफार उड्डाण लागतं. त्यासाठी तो मुंबईला खेटे घालायचा, कुणाकुणाच्या हातापाया पडून विमानात बसायचा. इंजिनाच्या तेलानं काळी झालेली नखं आदल्या दिवशी लिंबानं घासायचा. गावातली टवाळ पोरं विचारायची, "काय पायलट, आज कुठं लँडिंग?" तो हसून सोडून द्यायचा. आई सोडून देत नव्हती. त्या पोरांच्या आयांना आडावर गाठून ती झाडायची.

चौसष्टच्या उन्हाळ्यात व्हिटलॉकची तार आली. त्यानं इंग्लंडातलं काम सोडून सुदानात विमानं नेली होती. तिथं नाईलच्या पाण्यावर कोसच्या कोस कापूस होतो आणि त्यावर विमानातून औषध फवारतात. 'लायसन्स चालू असेल तर ये,' असं त्यानं कळवलं होतं. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंतचा हंगाम. एवढ्या एका हंगामात इतकं उड्डाण होईल की पुढं कुठलीही कंपनी तास कमी म्हणून हात झटकू शकणार नाही.

धरणेंद्र तार घेऊन घरी आला. आई जोंधळे पाखडत होती.

"काम लागलं, आई. पर कीड मारायचं हाय. कापसावरची."

चंदनबालेनं सूप खाली ठेवलं. पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी बाई ती.

"आपल्या वांग्यावर पावडर कोन मारतंय?" ती म्हणाली.

"गडी मारतोय."

"कुनाच्या सांगन्यानं?"

"आपल्याच."

"मग खालनं मारलं काय नि वरनं मारलं काय. पाप हाय त्ये हायच. देवाम्होरं आपन दोघं मिळून उत्तर दिऊ. तू जा."

गावातल्या पंडितांनासुद्धा इतकं सरळ कधी बोलता आलेलं नाही.

पासपोर्टावर आता सुदानचा शेरा पाहिजे होता. इथून पुढं जे झालं ते आठवलं की अजून कुणाचंही माथं भडकावं. धरणेंद्रच्या सत्तावन्न साली काढलेल्या जन्माच्या दाखल्यावर जिल्हा होता दक्षिण सातारा. साठ साली त्या जिल्ह्याचं नाव बदलून सांगली झालं, यात धरणेंद्रचा काय गुन्हा? सांगलीच्या कारकुनानं दाखला बघून सांगितलं, "हे साताऱ्याचं आहे, तिकडून लिहून आणा." साताऱ्याच्या कारकुनानं चष्म्यावरून बघून सांगितलं, "हे दक्षिण सातारा आहे. आमचं सातारा वेगळं. सांगलीला जा." धरणेंद्र कऱ्हाडमार्गे एस.टी.त उभ्यानं आला, उभ्यानं गेला. तिसऱ्या फेरीला त्यानं आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर मूठ आपटली. तेव्हा कुठं शिक्का उठला. त्याची कागदपत्रं पूर्ण झाली. राहिली ती फक्त जामिनाची सही, ती नव्यानं घ्यावी लागणार होती.

आप्पासाहेब आता बस्तीच्या ट्रस्टचे अध्यक्ष झाले होते. सांगलीच्या पेठेत त्यांचं खतांचं आणि औषधांचं दुकान होतं. औषधं म्हणजे पिकांवरची. डीडीटी, गॅमॅक्सिन, एन्ड्रिनचे डबे छतापर्यंत रचलेले आणि दर्शनी भिंतीवर उताण्या पडलेल्या किड्याचं रंगीत चित्र. आजूबाजूच्या गावांत ज्यानं कुणी पिकावर पावडर मारली त्यानं ती बहुतेक इथूनच नेलेली असायची.

आषाढात चातुर्मास लागला. पावसाचे चार महिने जमिनीवर जीवजंतू फार म्हणून जैन माणूस या दिवसांत पाऊलसुद्धा जपून टाकतो. पहिल्याच दिवशी बस्तीत प्रवचन झालं, लोकांनी आपापले नियम घेतले. आणि मग आप्पासाहेब उभे राहिले.

"एक गोष्ट सांगायला दुख हुतंय," ते म्हणाले. "आपल्यातलाच एकजण ह्या चातुर्मासात परमुलखाला निघालाय. कशाला? तर इमानातनं औषध मारून कोटी कोटी जीव मारायला. अन् त्येला माझी सही पायजे. मी पापाला जामीन ऱ्हायाचा न्हाई. कुनीच राहू ने."

सगळ्या माना धरणेंद्रकडं वळल्या. तो खांबाला टेकून बसला होता. उठला.

"आप्पा, तुमच्या दुकानात काय मिळतंय?"

आप्पासाहेब गडबडले नाहीत. हसले.

"दुकानात डबा मिळतो, धरणू. डब्यानं काय कुनी मरत न्हाई. मी इकतो, लोक घेऊन जात्यात. मारनारा मारतो, पाप त्येला लागतं."

आणि लोकांनी माना डोलावल्या! ज्यांच्या ज्यांच्या शेतात एन्ड्रिनचे रिकामे डबे पडलेले होते त्या सगळ्यांनी डोलावल्या. पाप हातावर असतं, गल्ल्यावर नसतं, हा नवा धर्म त्या दिवशी बस्तीत मंजूर झाला. धरणेंद्र बाहेर पडला आणि चपला हातात घेऊनच चालू लागला. पायात घालायचंही भान त्याला राहिलं नाही.

तरी त्यानं गावातलं एकेक घर गाठलं. कुणी म्हणालं, आप्पासाहेबांच्या शब्दाबाहेर कसं जायचं. कुणी सांगितलं, पोरीचं लग्न ठरतंय, आता नको. वडिलांच्या मांडीला मांडी लावून जेवलेल्या माणसांनीही वाटाण्याच्या अक्षता लावल्या.

शेवटी हरिबा कांबळे स्वतःहून शेडवर आला. पलटणीतून हवालदार होऊन परतलेला माणूस. घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. त्याच्या विहिरीचं इंजिन धरणेंद्रनंच बसवून दिलं होतं.

"मी ऱ्हातो जामीन," तो म्हणाला. "फौजेत सायबाच्या जानाची जिम्मेदारी घेत हुतो. तुझी घ्यायला काय झालं?"

हरिबा इस्त्रीचे कपडे घालून, छातीवर पदकं लावून कचेरीत गेला. कारकुनानं त्याच्याकडं आणि मग आडनावाकडं पाहिलं.

"जामीन प्रतिष्ठित माणसाचा लागतो," तो म्हणाला.

"मग मी कोन हाय?" हरिबानं विचारलं.

कारकुनानं कागद परत सरकवला. हरिबा जागचा हलेना. धरणेंद्रनंच त्याचा हात धरला आणि बाहेर आणलं. 'गड्या, माझ्यापायी तुझा पाणउतारा झाला,' असं त्याला म्हणायचं होतं. हरिबा पदकं काढून खिशात टाकत होता.

ऑगस्ट निघून गेला. व्हिटलॉकनं आणखी थोडी वाट पाहिली आणि कळवलं, हंगाम थांबत नाही, दुसरा माणूस घेतला आहे. पर्युषणाचे दिवस होते. जैनांच्या वर्षातले सगळ्यांत पवित्र दिवस. धरणेंद्र एक बेअरिंग आणायला सांगलीच्या पेठेत गेला होता. आप्पासाहेबांच्या दुकानाला पुढून फळ्या लावलेल्या होत्या, वर पाटी होती, 'पर्वानिमित्त बंद'. मागच्या बोळात दार सताड उघडं होतं आणि दोन हमाल एन्ड्रिनचे डबे बैलगाडीत चढवत होते. धरणेंद्र बघत राहिला. बेअरिंग न घेताच तो परत आला.

वर्षाअखेर त्याच्या लायसन्सची मुदत संपली. नवं करायचं तर ताजे उड्डाणाचे तास पाहिजेत, तास मिळायला नोकरी पाहिजे, आणि नोकरीला चालू लायसन्स पाहिजे. या चक्रात त्याच्यासारखा माणूस शिरायला फटच नव्हती. तो पुन्हा इंजिनं खोलू लागला. लिंबानं नखं घासायचं त्यानं बंद केलं.

चार वर्षं गेली. अडुसष्टच्या पावसाळ्यात उसावर कीड पडली. पानं काळी, चिकट झाली, शेंड्याकडचे वाढे जळल्यागत दिसू लागले. उभा ऊस हातचा जाणार म्हणून साऱ्या पट्ट्यात हाहाकार उडाला. मग बातमी आली की विमानातून औषध मारणार. औषध पुरवण्याचं काम आप्पासाहेबांच्या दुकानाला मिळालं होतं. दिवस कुठले? पर्युषणाचेच.

कुपवाडच्या माळावर दगड वेचून विमान उतरायला पट्टी तयार केली. मांडव घातला, तोरणं लावली. विमानाला कुठला पट्टा फवारून झाला आणि कुठला राहिला हे कळावं म्हणून शेताच्या बांधावर माणसं झेंडी घेऊन उभी करायची असतात. आप्पासाहेबांनी निरोप धाडला, 'धरणूला बोलवा. त्याला इंग्रजी येतंय, सायबाचं कळंल. झेंडी धरू दे.'

धरणेंद्र जाणार नव्हता. निरोप आणणाऱ्याला त्यानं पान्हा दाखवून हाकलला. पण सकाळी इंजिनाचा आवाज माळावरून आला आणि त्याचे पाय ऐकेनात. चार वर्षांत तो आवाज त्यानं इतक्या जवळून ऐकला नव्हता. तो गेला. कुणीतरी त्याच्या हातात लाल झेंडी कोंबली. ती त्यानं घेतली, कारण त्याची नजर विमानावरून हटत नव्हती.

सारं गाव लोटलं होतं. चंदनबालाही आली होती. आप्पासाहेबांनी विमानापुढं नारळ फोडला, आत बसणाऱ्या गोऱ्या साहेबाला टिळा लावला, हार घातला आणि भोंग्यात तोंड घालून बोलले.

"अन्नाचं रक्षन हाच मोठा धर्म! आन् आपलं भाग्य थोर. हे साहेब साधंसुधं न्हाईत. सुदानात कापसावर फवारनी करून आल्यात, चार हंगाम!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच लोकांनी, त्याच हातांनी! सुदान हा शब्द त्या तोंडातून आणि तोही कौतुकानं बाहेर पडेल असं धरणेंद्रला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग पेढे वाटले. एका पोराच्या हाती परात देऊन आप्पासाहेब स्वतः वाटत फिरत होते. बायकांच्या घोळक्यात चंदनबालेसमोर आले आणि पेढा पुढं केला.

"घ्या वहिनी, तोंड गोड करा."

चंदनबालेनं पेढा हातात घेतला. क्षणभर पाहिला. आणि परत त्यांच्या तळहातावर ठेवला.

"माझा नियम हाय, आप्पासाहेब," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. "पोरगं इमानावर चढल्याबिगर गोड खानार न्हाई म्हनून. सात वर्सं झाली. पोरगं तितं झेंडी घिऊन हुबं हाय, बगा. तुमी खावा. नियम सोयीनं वाकवायचं तुमाला जमतंय, मला न्हाई."

साहेब विमानात चढला होता, पंखा फिरू लागला होता, धूळ उठत होती. धरणेंद्र सरळ चालत आला आणि त्यानं झेंडी आप्पासाहेबांच्या दुसऱ्या हातात दिली.

"धरा, आप्पा. झेंडी धरनाऱ्याला पाप लागत न्हाई. मारनाऱ्याला लागतं. तुमीच सांगितल्यालं."

एका हातात पेढा, एका हातात झेंडी घेऊन अध्यक्ष तसेच उभे राहिले. झेंडी घ्यायला कुणी पुढं झालं नाही.

मायलेकरं उसाच्या कडेनं घराकडं निघाली. मागून विमान उठलं, डोक्यावरून गेलं आणि शेतावर खाली उतरून औषधाचा पांढरा पट्टा सोडत पुढं गेलं. धरणेंद्र मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिला. चंदनबालेनं पदर नाकाला लावला.

"आई," तो म्हणाला, "आता सोड तो नियम. माझं काय आता व्हायचं न्हाई. घरी जाऊन पोळी कर, गुळाची. मी बी खातो."

ती थांबली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता.

"आज सोडला तर त्येंचंच खरं झालं असं हुईल," ती म्हणाली, आणि बांधावरून पुढं चालू लागली.